जोडलेल्यांचा रकाना

प्रिय शंकाबाई,

तुझी तीन खोकी सोमवारी दुपारी पोचली. गाडीभाडं तू तिकडेच भरलं होतंस, तरी जिना चढवायचे हमालाने साठ मागितले. चाळीसवर तुटलं, वर त्याला चहा पाजला. आत निघालं ते असं: पुस्तकं सेहेचाळीस, ब्लँकेटं दोन, टेबलावरचा दिवा एक (बल्ब शाबूत), कान तुटलेला कप एक, कोपरावर विरलेला स्वेटर एक, आणि तुझं पदवीचं प्रमाणपत्र, चौकटीसकट. वर तुझ्या हातची एका ओळीची चिठ्ठी. 'आई, यात महत्त्वाचं काही नाही, जागा होईल तिथे ठेव.' प्रमाणपत्र मांडीवर घेऊन मी ती ओळ तीनदा वाचली. महत्त्वाचं काही नाही म्हणे!

आज गुरुवार. सोमवारपासून या घरात जे जे झालं ते तुला क्रमाने सांगणार आहे. मधेच कागद बाजूला टाकू नकोस. एरवी माझं बोलणं तू अर्धंच ऐकतेस आणि उरलेल्या अर्ध्यावर शंका काढतेस, म्हणून तर बाबांनी तुझं हे नाव ठेवलं. आज शंका नको. शेवटच्या ओळीपर्यंत वाच, मग हवं तेवढं रागव.

सात आठवडे झाले तुझं पत्र नाही. खोकी आल्यावर मला राहवेना, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून तुझ्या घरमालकिणीला फोन लावला. ती म्हणाली, आहे हो वरच, पण फोनला येत नाही म्हणते. मी म्हटलं, जेवते का? तर म्हणाली, डबा ठेवते दाराशी, कधी रिकामा येतो, कधी तसाच. मग म्हणाली, काकू, तिने पलंग विकला. कुंड्या मला देऊन टाकल्या, जिवापाड सांभाळलेल्या. पंधरा तारखेनंतर खोली सोडते म्हणाली, कुठे जाणार विचारलं तर नुसती हसली. बाळा, त्या 'नुसती हसली'वर मी फोन कानाशी धरून तशीच उभी राहिले. दुकानदाराने दोनदा विचारलं, झालं का बोलून. रडली असतीस, भांडली असतीस तर मला एवढी भीती वाटली नसती. तेव्हापासून मनात काय काय येतंय ते कागदावर उतरवणार नाही. लिहिलं की ते खरं होतं असं वाटतं.

माझी खोड तुला ठाऊक आहे. सामानात कोंबून आलेले कागद मी फेकत नाही, गुडघ्यावर सरळ करून फडताळात अंथरायला ठेवते. मंगळवारी सकाळी दिव्याभोवतीचा कागद सरळ केला तर वर तुमच्या संस्थेचा शिक्का, खाली तुझं नाव, आणि मधे 'चौकशी' हा शब्द. दोन पानं होती. कचेरीची भाषा, वाक्य या पानावर सुरू होतं ते पान उलटल्यावर संपतं. माझ्या मॅट्रिकला काही ते झेपेना. शेवटी शेजारच्या शाळेतल्या बाईंना हाक मारली. त्या विज्ञान शिकवतात, तू लहानपणी त्यांच्या प्रयोगाच्या नळ्या फोडायचीस त्याच. त्यांनी चष्मा पुसला, आधी मनात वाचलं, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, काकू, तुम्ही जरा बसता का.

तुझा जो लेख गेल्या वर्षी छापून आला आणि ज्याचे मी पेढे नाही तरी साखर वाटली, त्यात कॉम्प्युटरवर चालवलेल्या चाळीस फेऱ्यांचे आकडे आहेत. दुसऱ्या एका प्रयोगशाळेतल्या लोकांनी तुझाच प्रोग्राम घेतला, तू छापलेले सुरुवातीचे आकडे त्याला दिले आणि त्या चाळीसही फेऱ्या पुन्हा चालवल्या. सुरुवातीचा आकडा तोच दिला की कॉम्प्युटर पावलावर पाऊल टाकत तीच वाट चालतो, हे तूच मला सांगितलं होतंस. तेवीस फेऱ्या तंतोतंत जुळल्या. सतरा जुळल्या नाहीत. त्या सतराही ठिकाणी एकच रकाना चुकलेला, 'जोडलेले' हा. कुठे दोनाने, कुठे तिनाने, एकदा पाचाने, आणि दरवेळी तुझा आकडा जास्त. बाई म्हणाल्या, याचा अर्थ आकडे कोणीतरी हाताने वाढवलेत असा त्यांचा आरोप आहे, आणि लेखावर नाव तर हिचंच. पंधरा तारखेला समिती बसणार. शाबीत झालं तर नोकरी जाईल, पदवी काढून घ्यायची शिफारस होईल, या विषयात पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही. अगदी खाली एक ओळ होती: मूळ वही गहाळ झाल्याचं संबंधितांनी लेखी कळवलं आहे. बाई ती ओळ घाईत वाचून पुढे गेल्या. मी मात्र त्या ओळीपाशीच राहिले.

तुझे बाबा पडले त्याला आता दोन वर्षं होतील. उजवा हात आणि जीभ एकाच सकाळी गेली. तू बिनपगारी रजा घेतलीस, कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून पोर मांडीवर घ्यावं तसा घेऊन आलीस आणि चार महिने राहिलीस. बाबांच्या लेखी तेव्हा सगळ्या जगाचं नाव 'चमचा' झालं होतं. मी चमचा, तू चमचा, डॉक्टर चमचा, आणि खरा चमचा हवा असला की म्हणायचे 'खुर्ची'. आपण दोघी तोंडात पदर आणि रुमाल कोंबून हसायचो आणि मग मोरीत जाऊन रडायचो. ते दिवस वाईट होते असं जग म्हणेल, पण लेकी, मला विचारशील तर तू इतकी माझी कधीच नव्हतीस.

एका दुपारी तू माझा बटणांचा डबा मोठ्या ताटात उपडा केलास. पांढरी बटणं म्हणजे किल्ल्या, काळी म्हणजे कुलपं. मला म्हणालीस, डोळे मिटून ताट हलव. आपल्या शरीरात असंच चालतं, रेणूंना डोळे नाहीत, पाय नाहीत, नुसती गर्दीतली धक्काबुक्की. तरी नेमकी किल्ली नेमक्या कुलपाला भेटावी लागते, तीही बरोबर तोंडाने. भेटली तर औषध लागू पडतं, नाही तर रक्तात फिरफिर फिरून वाया जातं. हाच खेळ तू कॉम्प्युटरमध्ये लुटुपुटीचा मांडायचीस, खऱ्या माणसाला औषध टोचायच्या आधी भेट होते की नाही ते कळावं म्हणून. पण तो शहाणा प्रत्येक रेणूचं प्रत्येक पाऊल मोजत बसायचा. शंभरातली नव्याण्णव पावलं नुसती एकट्याची वणवण, आणि पापणी लवेल एवढ्या वेळाचा हिशेब करायला महिना जायचा.

मी काय बोलून गेले ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. मी म्हटलं, वेडंच आहे तुझं यंत्र. बाबा गिरणीच्या वजनकाट्यावर होते तेव्हा मी काय सकाळपासून खिडकीत उभी असायची? दिवसभर माझी कामं चालू. पाचचा भोंगा झाला की मग कान जिन्याकडे लावायचा आणि एकेक पाऊल मोजायचं, हे फाटक, हा पहिला जिना, हा दुसरा. तू ताट खाली ठेवलंस आणि माझ्याकडे बघत राहिलीस. परत बोल, म्हणालीस. लांब असताना मोठी उडी, जवळ आले की बारीक पावलं! त्या आठवड्यात तुला जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसला. महिन्याचं काम तीन तासांवर आलं. तू त्या रीतीला नावच 'भोंगा' दिलंस आणि तुझ्या सरांनी कितीदा विचारलं तरी त्याचा अर्थ त्यांना सांगितला नाहीस. माझ्यासारख्या बाईचं बोलणं तुझ्या विद्येला कुठेतरी लागलं, याचा मला किती गर्व झाला होता म्हणून सांगू. देवाने तोच गर्व मोजून घेतला असं आता वाटतं.

कॉम्प्युटरची डिस्क भरली तेव्हा तू नवी आणायची म्हणत होतीस. किंमत ऐकून मी कपाळाला हात लावला. बाबांची औषधं, तुझी बिनपगारी रजा, आणि हा खर्च कशाला? कागद फुकट आहे, मी फुकट आहे, मी लिहून ठेवते म्हटलं. तू 'बरं' म्हणालीस. आपल्या घरातलं 'बरं' किती महाग पडतं बघ. मग तू तसा बंदोबस्त केलास: फेरी संपली की कॉम्प्युटर टूंऽ करणार, तीन आकडे एक मिनिट पडद्यावर थांबणार, मग जागा व्हावी म्हणून ते सगळं पुसून पुढची फेरी आपोआप सुरू. सकाळी तू बाबांना व्यायामाला न्यायचीस, दुपारी बोलण्याच्या शिकवणीला. टूं झालं की मी हातातलं टाकून धावायची. पुढे पुढे तू घरात असलीस तरी ते काम माझंच झालं. बाबा खुर्चीतून बघायचे. त्यांची जीभ जरा सैल झाली होती तेव्हा. एकदा चार शब्दांना दहा मिनिटं लावून म्हणाले, हिच्याकडे सरकारचा हिशेब द्या, सरकारलासुद्धा शिल्लक दिसेल. किती हसलो आपण!

मंगळवारी बाई निघून गेल्यावर मला ते हसणं आठवलं आणि जेवण जाईना. मला आठवला तुझा मागचा फेरा. तीन महिन्यांपूर्वी तू अचानक आलीस, एका दिवसासाठी. आल्या आल्या वही मागितलीस. जिन्याच्या पायरीवर बसून दुपारभर ती चाळलीस. मग आत येऊन मला एवढंच विचारलंस, आई, आकडे तू पडद्यावरून थेट वहीतच लिहायचीस ना? मी भाजी चिरत होते. मी मान ताठ करून म्हटलं, मग! चाळीस फेऱ्यांत एक तरी खाडाखोड सापडते का बघ. वही तूच कपाटात, चादरींच्या खाली ठेवलीस. रात्रीची गाडी होती, निघताना तू मला नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवलंस. मला वाटलं, पोरीला बाबांची काळजी वाटते. आणि आता समितीला लेखी कळवतेस, वही गहाळ झाली! चादरींच्या खाली आहे ती. तुझ्याच हाताने ठेवलेली.

तुला तेव्हाच कळलं होतं, नाही? चुकलेल्या सतराही जागा तू त्या पायरीवर बसून बोटाने दाबून पाहिल्या असशील. सगळ्या माझ्या अक्षरात. आणि तू उठून आत आलीस, भाजी चिरणाऱ्या बाईला एक प्रश्न विचारलास, तिचा ताठा पाहिलास आणि सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊन गाडीत बसलीस.

आता माझं ऐक. मी तुझ्याशी खोटं बोलले ते गर्वाने बोलले. थेट वहीत मी कधीच लिहिलं नाही. एका मिनिटात, ओल्या हाताने, सुवाच्य कसं लिहिणार? मी हाताशी येईल त्या जुन्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने आकडे उतरवायची. चार वाजता सगळं आटपलं की शाईने वहीत नीट लिहायची आणि प्रत्येक ओळीची बेरीज करून बघायची. ते तू सांगितलं नव्हतंस, माझी मीच करायची. किल्ल्या हजार, कुलपं हजार. एकट्या किल्ल्या अधिक जोडलेले, हजार यायला हवेत. एकटी कुलपं अधिक जोडलेले, तेही हजार. नवव्या फेरीत एकट्या किल्ल्या ६१२, एकटी कुलपं ६१२ आणि जोडलेले ३८५. दोन्हीकडून बेरीज ९९७. मी विचार केला, पहिले दोन आकडे एकमेकांशी जुळतात, म्हणजे ते बरोबर. चुकला तो तिसराच. कॉम्प्युटर काही चुकत नाही, घाईत माझीच नजर चुकली. मी वहीत ३८८ लिहिलं. मला त्यात लबाडी अशी वाटलीच नाही गं. चाळीस वर्षं महिनाअखेरीला मी हेच करत आले. तिनाचा, चाराचा फरक आला की 'किरकोळ' लिहायचं आणि रेघ मारायची. त्या तीन-चारांसाठी कधी कोणी उपाशी राहिलं नाही. पुढे असं झालं की मी दरवेळी तसंच केलं, आणि एकदाही, एकदाही तुला म्हटलं नाही की आज तीन कमी आले होते.

म्हटलं असतं तर? हा प्रश्न मला खातोय. बाईंनी मला कागदाचं दुसरं पान समजावून सांगितलं. त्या लोकांनी तुझ्या रीतीतलं भोक शोधलंय. लांबच्यांची मोजणी वेगळी, जवळच्यांची वेगळी, आणि अगदी सीमेवर जी जोडी जुळते ती कधी कधी ना या मोजणीत येत ना त्या. जिन्यात उभ्या माणसाला घरच्यांनीही धरलं नाही आणि रस्त्यावरच्यांनीही नाही, तसं. एका ओळीच्या दुरुस्तीचं काम आहे असं त्यांनीच लिहिलंय, रीत उत्तम आहे असंही लिहिलंय. मी ९९७ लिहिलं असतं तर तू त्याच संध्याकाळी भुवया आक्रसून म्हणाली असतीस, तीन गेले कुठे? आणि दिवेलागणीपर्यंत शोधून काढलं असतंस. शंकाबाई तू. तुझ्यापुढे शंका यायची जागाच मी शाईने बुजवून टाकली. आणि तू लेखात ठासून लिहिलंस की या रीतीत एकही रेणू हरवत नाही. माझ्या भरवशावर लिहिलंस.

मंगळवारी संध्याकाळी मी देवापुढे बसले. मागणं मागायला नाही, भांडायला. इतकी वर्षं तुझं नाव घेतल्याशिवाय पाण्याचा घोट घेतला नाही, आणि माझ्या हाताने माझ्याच लेकीचा गळा कापवून घेतलास? देव काही बोलला नाही. त्याचंही बरोबर, त्याने थोडेच मला ३८८ लिहायला सांगितलं होतं. उठताना मात्र एक गोष्ट डोक्यात आली. पाकिटं! मी पाकीट फेकते का कधी?

बुधवारी सकाळपासून घर उपसलं. स्वयंपाकघरातल्या दारामागची तार आठवते ना, बिलं टोचून ठेवायची? एक तार भरली की मी ती उचलून माळ्यावर टाकते. स्टुलावर स्टूल ठेवून चढले. बाबा खालून 'चमचा, चमचा' ओरडत होते. घाबरले की अजून तोच शब्द येतो. दोन वर्षांपूर्वीची तार सापडली. विजेची बिलं, औषधांच्या पावत्या आणि मधे मधे माझी पाकिटं, पेन्सिलीचे आकडे थोडे पुसट झालेले पण वाचता येणारे. फेरीचा क्रमांक वर, तीन आकडे खाली. नववी फेरी: ६१२, ६१२, ३८५. बाईंना बोलावलं. त्या चौकशीच्या कागदावरच्या तक्त्यातले आकडे वाचायच्या, मी पाकिटावरचे. एकेक जुळत गेला तशा बाई रडायला लागल्या, मी नाही. एका पाकिटावर तर बाबांच्या व्यायामवाल्याने पुढच्या वेळेची तारीख शाईने माझ्या आकड्यांवरूनच लिहून दिली आहे. म्हणजे आकडे तारखेच्या आधीचे, आत्ता बसून बनवलेले नाहीत, हे आंधळ्यालाही दिसेल असं बाई म्हणाल्या.

पण सतरापैकी पंधराच सापडली. दोन नाहीत. एकावर बहुधा मी वाण्याची यादी लिहून दिली असेल, दुसरं देव जाणे. माळा पुन्हा उपसला, गादीखाली पाहिलं, पोथीत पाहिलं. नाहीत. तुला खरं सांगते, बाई घरी गेल्यावर मी एक जुनं पाकीट घेतलं, पेन्सिलीला टोक केलं आणि बसले. त्या लोकांचा तक्ता समोर होता. सहा आकडे, अक्षर माझंच. कोणाला कळलं असतं? पेन्सिल कागदाला टेकली होती. तेवढ्यात बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. वीस वर्षं लोकांचे ट्रक तोलले त्या हाताने. त्यांना मी सकाळपासून काही सांगितलं नव्हतं, पण बसल्या जागेवरून त्यांना सगळं समजलं असावं. म्हणाले, नको. चमचा नाही, खुर्ची नाही. स्वच्छ 'नको'. मी पेन्सिल ठेवून दिली. मग ते म्हणाले, पाठव.

आता तुला हे पत्र का लिहिलं ते सांगते. आज सकाळी पोस्ट उघडताच मी समितीच्या अध्यक्षांच्या नावे रजिस्टर पाकीट टाकलं. त्यात वही आहे, पंधरा पाकिटं आहेत आणि माझं सहीनिशी निवेदन. बाईंनी भाषा सुधारली, मजकूर माझा. आकडे मी बदलले, मुलीला सांगितलं नाही, पंधरा पुरावे सोबत आहेत, दोन सापडले नाहीत. मला ते काय करणार, माझं मॅट्रिक काढून घेतील? घेऊ देत. पण त्यात एक ओळ मी खोटी लिहिली आहे, आणि ती बाईंनाही ठाऊक नाही. मी लिहिलंय की मुलीने वही मागितली तेव्हा ती रद्दीत गेली असं मीच तिला सांगितलं, आणि तिने ते खरं मानून तुम्हाला कळवलं. नाही तर तू आईला वाचवायला समितीपुढे खोटं बोललीस हे उघडं पडलं असतं, आणि खोटं बोलणारीच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवतं? ते तुला विचारतील. तू माझी लेक आहेस, तू सरळ उभी राहून म्हणशील की नाही, आईने तसं सांगितलं नव्हतं. म्हणू नकोस. मान खाली घाल आणि 'हो, आईच तसं म्हणाली होती' एवढंच म्हण. हे एक पाप मी जाणूनबुजून केलंय, देवाला तसं सांगून केलंय, त्याचा जाब मी देईन. तू फक्त राजीनामा लिहून देऊ नकोस, खोली सोडू नकोस, आणि पंधरा तारखेला तिथे जा. आज सहा तारीख. हे पत्र तुला सोमवारी, दहाला मिळेल, तुझं मला तेराला मिळेल. हातात पडताच, उभ्या उभ्या, कार्डावर 'हो' एवढं एकच अक्षर लिही आणि खाली सही कर. दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेऊ नकोस. मला तुझं अक्षर बघायचं आहे. उलट टपाली पाठव, बाळा, मी टपालवाल्याची वाट बघत जिन्यातच बसणार आहे.

तुझीच,
आई